बाईंच्या टाकीतली कुपी

या, जरा पुढे सरकून बसा. लांबून ऐकलेली गोष्ट कानाशी थांबते, जवळ बसून ऐकलेली आत उतरते. आज एका गुरूची आणि तिच्या शिष्येची गोष्ट सांगतो. चमत्कार यात नाही. देव होता, पण तो शेवटपर्यंत गप्प राहिला, हे आधीच सांगून ठेवतो.

बाई मूत्रपिंडाच्या आजारावर संशोधन करणाऱ्या. राज्यात अशा कामाला धड एक खोली नव्हती, तेव्हा त्यांनी इस्पितळाच्या मागच्या बंद धुलाईघरात पहिलं केंद्र उभं केलं. बावीस वर्षांत एकाची तीन झाली. शिकलेली पोरं बाहेर निघून जायची, ती इथेच थांबावीत म्हणून बाईंनी जिवाचं रान केलं. नव्या संशोधकाचा पहिला लेख त्या ओळ न् ओळ तपासायच्या. त्याच्या पहिल्या भाषणाला पुढच्या रांगेत बसायच्या, आणि तो अडखळला की नुसते ओठ हलवून पुढचा शब्द सुचवायच्या.

केंद्राची एक रीत होती. रुजू झालेल्याला पहिल्या सोमवारी बाई द्रव नायट्रोजनच्या टाकीपाशी न्यायच्या आणि त्या धुरकट थंडीतून करंगळीएवढी कुपी काढून त्याच्या हातावर ठेवायच्या. कुपीत पेशी. बावीस वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या मूत्रपिंडातून बाईंनी स्वतः वाढवलेल्या. त्याच पुढे वाढवायच्या, त्यांच्यावरच औषधं तपासायची. टाकी सांभाळणारे दादा म्हणायचे, "हे आमचं देवघर. फक्त इथला देव उणे एकशे शहाण्णव अंशांवर बसतो."

बाहेरून आलेल्या पेशी आधी ओळख-तपासणीला जायच्या. ज्या म्हणून आल्या त्याच आहेत ना, हे पाहायला. बाईंच्या पेशी मात्र कधीच गेल्या नाहीत. नियम मोडावा असं कुणाला वाटलं होतं असं नाही, त्या तपासाव्यात हेच कुणाच्या मनात आलं नाही. आईने वाढलेला घास कोण हुंगून पाहतं?

सगळ्यांत नवी म्हणून जिला सगळे धाकटी म्हणायचे, ती चार वर्षं या पेशींवर एक औषध तपासत होती. गुण इतका चांगला दिसत होता की पुढच्या महिन्यात ते इस्पितळातल्या रुग्णांना देऊन पाहायचं ठरलं होतं. इकडे केंद्रांच्या सरकारी अनुदानाची मुदत संपत आली होती. ती वाढायची तर बाईंच्या हाताखालच्या तिघांना स्वतःच्या नावावर प्रकल्प मिळायला हवे होते. दोघांना मिळाले होते. तिसरी धाकटी. तिचा अर्ज साधला तर तिन्ही केंद्रं आणि त्यांतली चाळीस माणसं तरणार, नाहीतर कुलूप.

यंदा अर्जाला ओळख-तपासणीचा दाखला जोडायचा होता. धाकटीने पेशी पाठवल्या तेव्हा दादा हसले. "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये गं पोरी."

अर्जाला सहा दिवस उरले असताना अहवाल आला. पेशी मूत्रपिंडाच्या नव्हत्याच.

धाकटीने कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली. बाई म्हणाल्या, तिकडे नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. मग स्वतः उठून टाकीतली सगळ्यांत जुनी कुपी काढली. दोन दिवसांनी तिचाही अहवाल तोच आला. म्हणजे अगदी सुरुवातीला कधीतरी, एखाद्या नळीच्या टोकाला लागून, शेजारच्या बशीतल्या कर्करोगाच्या कुठल्याशा गाठीच्या पेशी आत शिरल्या होत्या. त्या वाढतात झपाट्याने. पाहुण्या म्हणून आल्या आणि घरधनिणीला संपवून तिच्याच नावाने नांदत राहिल्या, बावीस वर्षं.

बाईंनी दार लोटलं. सांगू लागल्या की दाखला मागाहून जोडते असं लिहायचं, मुदतवाढीचं पत्र एकदा हाती आलं की मीच सगळ्यांना सांगेन, तोवर चाळीस घरांकडे बघ.

"बाई, आणि ते औषध?"

"मला काय कळत नाही का गं?" बाई म्हणाल्या. आणि आयुष्यात कुणापुढे न वाकलेल्या त्या बाईने धाकटीपुढे हात जोडले.

धाकटीला ते बघवलं नाही. ती जिन्यात जाऊन बसली. देवाला म्हणाली, मला एवढं मोठं करू नकोस, कुणीतरी दुसरं पाठव. कुणी आलं नाही. वरच्या मजल्यावर यंत्रं घुमत होती तेवढीच.

शेवटच्या दिवशी दुपारी ती परत आत गेली.

"मी अर्ज भरत नाही, बाई. आणि तुमच्याबद्दल कुणाला सांगायला माझी जीभ उचलायची नाही. तुम्हीच सांगा."

"मीही नाही सांगितलं तर?"

"तर ते औषध सुरू होईल."

अर्ज पाचपर्यंत घेत होते. पाच वाजले, सव्वापाच झाले, दोघी समोरासमोर बसून होत्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही केंद्रांच्या एकत्र बैठकीत बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. या वेळी पहिल्या रांगेतून पुढचा शब्द सुचवायला कुणी नव्हतं.

औषध थांबलं. मग केंद्रंही एकेक करून थांबली. पोरं पांगली, दादांनी टाकी रिकामी केली. बाईंनी चौदा लेख मागे घेतले. प्रत्येकाच्या निवेदनात तो लिहिणाऱ्या सगळ्यांची नावं छापली गेली आणि खाली एक ओळ: केंद्रातच झालेल्या तपासणीत ही चूक आढळली. तपासणी कुणी केली, ते कुठेच नाही. धाकटीचा एकही लेख तोवर छापला गेला नव्हता, त्यामुळे तिचं नाव ना चुकीत आलं, ना दुरुस्तीत. आज ती कुठल्याशा रक्त-तपासणीच्या खोलीत नळ्यांना चिठ्ठ्या डकवते. बाईंचा तिला फोन नाही, तिचा बाईंना नाही. राग कुणाच्याच पोटात नाही, पण तोंड कसं दाखवायचं?

ज्यांना ते औषध दिलं गेलं नाही, त्यांनाही ती ठाऊक नाही. म्हणून तुमच्याजवळ मागतो. हात जोडून बसाल तेव्हा आपल्या माणसांच्या ओळीत, अगदी शेवटी का होईना, त्या धाकटीला बसवा.