हरलेल्या डावांची वही

मी वही आहे. दोनशे पानांची, आखीव, जाड पुठ्ठ्याची. बुद्धिबळाचे डाव लिहून ठेवण्यासाठी मला एका मुद्रितशोधकानं विकत घेतलं. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बुद्धिबळ खेळायचं, असा त्याचा नेम. मी सतत त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत असायची, त्यामुळे दोन्हीकडचं मला ठाऊक आहे.

पहिल्या काही महिन्यांत मला वाटलं, आपल्याला अजिंक्य मालक लाभला. जिंकलेला डाव तो शाईनं, वळणदार अक्षरात लिहायचा. हरायची वेळ आली की पेन्सिल निघायची, अक्षर तिरकं व्हायचं आणि विसाव्या-बाविसाव्या चालीला लिखाण थांबायचं. समासात शेरा असायचा : ‘डोकं दुखत होतं.’ ‘समोरचा सारखा खोकत होता.’ लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल खूण करणारा हा माणूस स्वतःच्या पराभवाला हस्तदोष म्हणायचा.

त्याला एक मुलगी होती, सतरा वर्षांची. ती त्याच्यापेक्षा बरी खेळायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्याला सोडून. त्यानं तिला एका जुन्या पुस्तकातून एक अवघड सुरुवात पाठ करायला लावली. दुसऱ्याच चालीला आपलं एक प्यादं फुकट देऊन टाकायचं आणि त्या बदल्यात हल्ला चढवायचा, अशी ती सुरुवात. पुस्तकात ती फार देखणी दिसते. पुस्तकात समोरचा माणूसही पुस्तकाप्रमाणेच खेळतो.

महाविद्यालयांच्या स्पर्धेत मुलगी ती सुरुवात खेळली आणि एकोणीस चालींत हरली. बाहेरच्या व्हरांड्यात ती डावाचा कागद हातात धरून उभी होती. बापानं कागद बघितलाही नाही.

“पाठांतर कच्चं राहिलं,” तो म्हणाला. “दुसरं काय.”

मुलीनं कागदाची घडी घातली. घरी येऊन तिनं सोंगट्या डब्यात भरल्या, डबा कपाटावर टाकला आणि सांगितलं, “मी आता खेळणार नाही.” त्याला वाटलं, चार दिवसांचा रुसवा आहे. आठ महिने गेले. तिच्याशी त्याचं बोलणं जेवलीस का, छत्री घे, एवढ्यावर आलं.

मग त्यानं ठरवलं, सुरुवात बरोबर होती हे खेळूनच दाखवायचं. मुलीशी बोलण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं. वाचनालयाच्या वार्षिक स्पर्धेत शेवटची फेरी निवृत्त परिचारिकाबाईंशी होती. त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्या लोकांना सुई टोचली होती, की समोरच्याचा चेहरा कसनुसा झाला तरी त्यांचा हात हलत नसे.

मालकानं दोन चाली झोकात केल्या, प्यादं दिलं. तिसऱ्या चालीला सिस्टरनी घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं, असं पुस्तक सांगत होतं. सिस्टरनी पुस्तक वाचलेलं नसावं. त्यांनी कडेचं प्यादं एकच घर सरकवलं. मालक क्षणभर चपापला आणि चौथ्या चालीला पुस्तकातलीच चाल खेळला. ती ज्या प्याद्यावर हल्ला करायला होती, ते प्यादं तिथं नव्हतंच. थोड्याच चालींत सिस्टरचा घोडा आत शिरून त्याच्या हत्तीजवळ ठाण मांडून बसला. एकतिसाव्या चालीला मालकानं डाव सोडला, हात मिळवला, जिन्यात आला आणि माझं ते पान फाडलं.

दुखलं. पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याला जास्त दुखत असावं.

घरी मुलीनं विचारलं, “काय झालं?”

“हरलो. एक नजरचूक झाली.”

“बघू डाव.”

“लिहिला नाही.”

ती माझ्याकडे बघून आत निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात छापखान्यातून एका संस्थेचा अहवाल छापून गेला. पहिल्या पानावर ‘अध्यक्षांचे निवेदन’ असायला हवं होतं. छापलं होतं ‘अध्यक्षांचे निधन’. मुद्रितावर सही माझ्या मालकाची होती. छापखान्याच्या मालकांनी त्याला आत बोलावलं.

“अध्यक्ष स्वतः बाहेर बसलेत,” ते म्हणाले. “तुम्ही वाचलं नव्हतं का?”

“वाचलं होतं. दर वर्षी तिथं निवेदनच असतं. मी तेच वाचलं.” मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “म्हणजे वाचलं नाही. आठवलं.”

त्यानं अध्यक्षांची माफी मागितली. अध्यक्षांनी मोठ्या मनानं सांगितलं, की तब्येत उत्तम आहे. जागेवर येऊन मालकानं मला उघडलं आणि फाटलेल्या पानाच्या दातेरी कडेवर बराच वेळ बोट फिरवत बसला.

रविवारी सकाळी तो सिस्टरच्या दारात उभा होता.

“आपला तो डाव तुमच्याकडे लिहिलेला असेल?”

“आहे की. तुमचं पान?”

“हरवलं.”

सिस्टरनी माझी ती कड पाहिली. “हरवतात,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

त्या वाचत गेल्या आणि तो पटावर चाली करत माझ्यात लिहीत गेला. एकोणिसाव्या चालीला त्यानं हात वर केला. “इथं. इथं माझी नजरचूक झाली.”

“इथं कुठली? तुम्ही चौथ्या चालीला हरलात. मला एकतिसाव्याला कळवलंत एवढंच.” त्यांनी पट चौथ्या चालीपर्यंत मागे नेला. “मी हे प्यादं सरकवलं तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत. पटाकडे नाही. का?”

“तुम्ही चुकलात असं वाटलं.”

“मग चुकीचा फायदा तरी घ्यायचा. तुम्ही तर मी बरोबर खेळल्यासारखं खेळलात.” त्या हसल्या. “मी स्वतः ही सुरुवात अकरा वेळा हरलेय. त्यानंतर पटाकडे बघायला लागले.”

घरी येऊन त्यानं डबा कपाटावरून काढला आणि मुलीच्या खोलीच्या दारात थांबला. “तुझा तो स्पर्धेतला कागद आहे?”

तो तिनं जपून ठेवला होता. दोघांनी जमिनीवर पट मांडला. तिच्या प्रतिस्पर्ध्यानंही तिसऱ्या चालीला ते प्यादं पुढे टाकलं नव्हतं. तिच्या चौथ्या चालीपुढे वेळ लिहिलेली होती : अकरा मिनिटं.

“एवढा वेळ काय करत होतीस?”

“मला दुसरी चाल दिसत होती.”

“मग खेळली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं असतं, पुस्तकात आहे का.”

त्यानं तिचा कागद पुन्हा वरून खाली वाचला. मग म्हणाला, “पाठांतर कच्चं नव्हतं तुझं. माझंच चुकलं.” पट तिच्याकडे सरकवून त्यानं विचारलं, “ती चाल दाखवतेस?”

“दाखवते. पण स्पर्धा खेळणार नाही.”

“नको खेळूस.”

तिनं उंट उचलून पुढे ठेवला. तो बघत राहिला. चाल चांगली होती. ती पुस्तकात पुढच्याच पानावर होती, हे त्याला नंतर सापडलं आणि तेही त्यानं तिला सांगितलं. मला तरी यातली हीच गोष्ट सर्वांत धाडसाची वाटली.

मुलगी पुढं वर्षभर एकही स्पर्धा खेळली नाही. नंतर एके दिवशी आपणहून नाव घालून आली. तिची वेगळी वही आहे, निळ्या कव्हराची. ती कुणाला दाखवत नाही.

माझी आता दोनच पानं कोरी उरली आहेत. बांधणी सैल झाली आहे, पुठ्ठ्याला चिकटपट्टी आहे. वाचनालयात नवे शिकणारे मला मागून नेतात. हरलेले डाव आता शाईनं, शेवटच्या चालीपर्यंत लिहिलेले आहेत आणि तीच पानं हाताळून काळी पडली आहेत. जिंकलेल्या डावांची पानं अजून करकरीत आहेत, कुणी उघडतच नाही.

मी तुमच्या हाती आले तर तुम्हीही ती पानं सोडून द्या, माझी हरकत नाही. फक्त मालकाला सांगू नका. तो सुधारलाय, पण इतका नाही.