थांबलं की चालतं

नासीरची गाडी मुळात मयतासाठी बांधलेलीच नव्हती. पुण्याकडच्या कोण्या हौशी माणसानं बायको-पोरांना घेऊन फिरायला ती करून घेतली होती. चाकावरचं घर म्हणा ना. आत पलंग, बेसिन, नळ, खिडक्यांना पोपटांचे पडदे, आणि गाडीच्या पोटाखाली लोखंडी पिंजऱ्यात एक जनरेटर. हौस काय, फिटते. त्या माणसाची फिटली, आणि धुळ्याच्या नासीरनं गाडी घेतली. पलंग काढला, तिथं शीतपेटी बसवली. बेसिन राहिलं, पोपटही राहिले.

त्याची बायको शहजादी म्हणायची, "पडदे तरी बदला हो. मयताला पोपट कशाला?"

"मयत थोडंच बघतंय? सोबत बसणाऱ्याला बघायला काही नको का?"

त्या दिवशी सोबतीला केसरबाई होती. पेटीत तिचा लेक प्रशील. पिथमपूरला कारखान्यात कामाला होता. पाळीवर जायला म्हणून बूट घातले, आणि बुटाची दोरी बांधता बांधता आडवा झाला. वय काय, तर बत्तीस. मग पोलीस, पंचनामा, चिरफाड, त्यात सुट्टी आडवी आली. पेटीत ठेवेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. मे महिना, खानदेशचं ऊन. उरलेलं सगळं आता नासीरच्या पेटीवर होतं.

आणि जळगावला प्रशीलची बायको दीपमाला वाट बघत होती. चार दिवसांची बाळंतीण, तीही पोट फाडून. तिला गाडीत बसवणं शक्यच नव्हतं. तिनं फोनवर एकच सांगितलं होतं, "तोंड पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. कोणीही सांगा, मानणार नाही."

पुढं नासीरच्या शेजारी केसरबाईचा भाऊ बसला होता, पितांबर नाना. कुठंही गेला तरी आधी जय भीम घालणारा, मग सल्ला देणारा माणूस.

सेंधव्याला चहाला थांबले तेव्हा केसरबाईनं खाली उतरून जनरेटरच्या पिंजऱ्याला हात लावला आणि पोळल्यासारखा काढून घेतला.

"नासीरभाऊ, हाऊ तं तापी गया रे. यालेच ऊन लागनं तं मना पोरले गार कोन ठेवी?"

गाडीत एक गोणपाट पडलं होतं. तिनं ते बेसिनच्या नळाखाली भिजवलं आणि पिंजऱ्याच्या जाळीपुढं तारेनं टांगलं. आपल्याकडं माठाला गुंडाळतात, कूलरला लावतात, बैलाच्या पाठीवरसुद्धा टाकतात. गोणपाट कोणाच्या डोळ्यात भरत नाही. नासीर म्हणाला, "चांगलं केलं, अक्का." आणि गाडी घाटाला लागली.

घाट उतरताना केसरबाईला झोप लागली. तीन रात्रींची जागलेली बाई, पेटीवर डोकं टेकून झोपली. जाग आली ती शिरपूरच्या अलीकडं. तिनं मधली खिडकी धडाधड वाजवली.

"नासीरभाऊ! पेटी बोलत नही रे!"

नासीरनं गाडी बाजूला घेतली. जनरेटर गार पडला होता. कधी बंद पडला, कोणालाच ठाऊक नाही. गाडीच्या आवाजात कळणार कसं? त्यानं बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू. असा वाजायला लागला की जसं काही झालंच नाही.

"झोप लागली असेल त्यालाही," नाना म्हणाला.

नासीर हसला नाही. पुढं निघाले. दोन-तीन कोसही झाले नसतील, परत खिडकी वाजली. परत खाली उतरला, परत चालू केला. उभा राहून त्यानं बराच वेळ ऐकलं. ठणठणीत. गाडी हलली, आणि थोड्या वेळानं खिडकी वाजली.

मग त्यानं धुळ्याला अतिकला फोन लावला. अतिक म्हणजे जनरेटरचा हकीम. डीजेवाले, मंडपवाले, सगळे त्याच्या दारात.

"अतिक, गाडी थांबली की चालतो. गाडी चालली की बंद."

"माझ्या सासऱ्यासारखा आहे की. पाहुणे बसले की कामाला लागतो, उठले की आडवा."

"अबे मजाक नको. आत मयत आहे. आई सोबत आहे."

अतिकचा आवाज बदलला. "टाकीत डिझेल किती? कमी असलं तर हेलकाव्यानं नळी उघडी पडते, हवा ओढतो."

नासीरनं शिरपूरच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. बंद पडला. ऑइल पाहिलं. ऑइल कमी असलं की दणक्यानं आतलं बटण पडतं, मशीन आपोआप थांबतं. ऑइल बरोबर होतं. डिझेलचा फिल्टर उघडला, पाइपातली हवा काढली, वायरी एकेक हलवून पाहिल्या. हे सगळं करायचं ते पिंजऱ्याच्या मागच्या दारातून, रस्त्यावर पालथं पडून. डांबर असं तापलेलं की शर्टातून भाजायचं. आणि प्रत्येक वेळी केसरबाई तांब्या घेऊन उतरायची, पुढच्या बाजूनं गोणपाटावर पाणी ओतायची, जाळीवर हात फिरवून म्हणायची, "चाल रे बापा. मना बापा, चाल."

आणि तो चालायचा. थांबलेला असला की चालायचा.

नरडाण्याजवळ नासीर हरला. स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला.

"नाना, इथंच उभं राहिलं तर पेटी गार राहील. पुढं गेलं तर बंद पडेल."

"मग काय जळगाव इकडं चालत येईल का?" नाना खेकसला. मग हळू बोलला, "दुसरी गाडी?"

"धुळ्यातली दुसरी नाशिकला गेलीय. विचारलं मी."

"बर्फ तरी घे."

नाना स्वतः बर्फ शोधायला गेला आणि रिकामा आला. लग्नाची तीथ होती. पंचक्रोशीतला सगळा बर्फ मठ्ठ्याच्या पिंपात गेला होता. एका मंडपवाल्यानं बालदीभर देऊ केला होता, पण मयताला पाहिजे म्हटल्यावर त्याच्या बायकोनं बालदी मागं ओढली. लग्नघरचा बर्फ मयताला नको म्हणे.

तेवढ्यात दीपमालाचा फोन आला. नानानं उचलला. "नरडाण्याला आलो, पोरी. हो, हो. बरोबर आहे सगळं." फोन ठेवला आणि टोपीनं तोंड पुसलं.

शेवटी अतिकच मोटरसायकल मारत आला. आल्या आल्या जनरेटर ऐकला, डोकं खाजवलं. "इथं उभा राहून हा मला खोटंच सांगणार. तू गाडी चालव. मी बाजूनं चालतो, याच्याकडं बघत."

निघाले. डाव्या अंगाला मोटरसायकल, तिच्यावर अतिक, मान वाकडी करून गाडीच्या पोटाकडं बघणारा. मागून ट्रकवाले शिव्या घालत जात होते. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला आणि अतिक हात हलवून ओरडायला लागला. नासीरनं गाडी कडेला दाबली.

"फिल्टर?"

"फिल्टर नाही, काही नाही. ते गोणपाट!" अतिक धापा टाकत होता. "गाडी पळाली की वाऱ्यानं जाळीला जाऊन चिकटतं, ओल्या लुगड्यासारखं. त्याला श्वासच मिळत नाही. काळा धूर टाकतो आणि मरतो. थांबलं की गोणपाट सुटतं, लोंबतं, मग चालतो. कोरडं असतं तर हवा तरी गेली असती. कोणत्या गाढवानं लावलं ते?"

नासीरनं खिडकीकडं बघितलं फक्त. पोपटांच्या पडद्याआडून केसरबाई बघत होती, तांब्या हातात.

अतिकनं जीभ चावली. "या अल्ला."

"मीच म्हटलं, चांगलं केलं म्हणून," नासीर म्हणाला.

"सांगणार तिला?"

"काय सांगू? तूच सांग, काय सांगू?"



केसरबाई खाली उतरली. "सापडनं का भाऊ?"

"सापडलं, अक्का. फिल्टर होता. नवा टाकतो. आता हे गोणपाट काढतो, नव्याला कोरडा वारा लागतो."

ती गोणपाटापुढं उभी राहिली. "ऱ्हाऊ दे ना रे. तेवढंच मना हातनं व्हयनं त्यानासाठे."

नासीरचा हात तारेवरच राहिला. आयुष्यात किती मयतं वाहिली त्यानं, किती रडणं ऐकलं. पण असं कोणी त्याच्यापुढं उभं राहिलं नव्हतं.

"काढावंच लागेल, अक्का."

"बरं. तुले समजस, भाऊ." तिनं स्वतः तार सोडली, गोणपाट पिळलं, घडी केली आणि आत नेऊन पेटीवर टाकलं, जिथं तोंडाजवळ काच होती तिथं. तेवढाच गारवा.

मग मात्र जनरेटर एकदाही बंद पडला नाही. धुळं गेलं, पारोळा आला, पेटी आपली घुमतच होती. त्याचाच नासीरला राग येत होता. आता चालतोस होय, हरामखोरा.

पारोळ्याला नाना म्हणाला, बघून घेतो एकदा. केसरबाई परत झोपली होती. नाना हलक्या हातानं चढला, घडी उचलली, रुमालानं काच पुसली. घडी जागच्या जागी ठेवली. खाली आला आणि बाभळीजवळ जाऊन ओकला.

परत येऊन पुढच्या सीटवर बसला.

"नासीर, उघडायचं नाही."

"नाना, ती पोरगी..."

"उघडायचं नाही म्हणतो ना! तो तसा नव्हता रे. आमच्या घरात सगळ्यात देखणा तो होता."

एरंडोल कधी गेलं कळलं नाही. मग जळगाव आलं.

गल्लीत माणसं दाटली होती. विहारातून पंचशीलाचा झेंडा आणला होता, मेणबत्त्या, फुलं. गाडी थांबली तशी दीपमाला दारात आली. एका हातानं पोटाचा टाका धरलेला, दुसऱ्यानं चौकट. पोर आत कोणाकडं तरी रडत होतं. रंग पांढराफटक, पण डोळे कोरडे. रडायचं तिनं राखून ठेवलं होतं, तोंड पाहिल्यावरसाठी.

नाना पुढं झाला. "पोरी, ऐक. पेटी उघडायची नाही. ऊन फार होतं. वाटेत जनरेटर बंद पडला."

"म्हणजे?"

"म्हणजे नको बघू. पाय बघ. पाय दाखवतो."

खालच्या बाजूनं झाकण उचललं, चादर सारली. दीपमाला वाकली. टाक्यानं कळ आली असेल, दात आवळले तिनं. बराच वेळ बघत राहिली.

"पाय कोणाचेही असतात, मामा."

"अगं, आईनं ओळखलंय त्याला तिथं!"

"मी नाही ओळखलं." मग तिनं मान वर केली. "का बंद पडला जनरेटर?"

सगळी गल्ली नासीरकडं वळली. केसरबाईही. नासीरनं तिच्या हाताकडं बघितलं. तारेनं बोट कापलं होतं, त्यावर रक्त वाळलं होतं.

"गाडीचाच दोष," तो म्हणाला. "माझाच. नीट बघून निघालो नाही."

केसरबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. वाटभर भाऊ भाऊ करणारी बाई पुढं आली, तिनं दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली.

"तुनी गाडीनं खाई टाकं मना पोरनं तोंड! मी वाटभर पानी घालू तुना मशीनले, आन् तू बिघडेल गाडी लई उना? तुना घर असंच व्हई जावो! तुना लेकनं तोंड तुले दिसाव नही!"

बायांनी तिला ओढून बाजूला केलं. नासीरनं कॉलरसुद्धा नीट केली नाही. घरी त्याचा लेक आवेज होता, दहावीला बसलेला. शाप त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून तो मनात कलमा म्हणत होता, आणि तोंड उघडत नव्हता.

माणसांनी पेटीतून तिरडीवर घेतलं, तोंड झाकूनच. त्रिशरण सुरू झालं. सगळे त्या गर्दीत असताना दीपमाला चौकट सोडून, भिंत धरत धरत गाडीपर्यंत आली.

"भाऊ, तुम्ही सकाळी पेटीत ठेवताना होते ना?"

"होतो, ताई."

"तोंड पाहिलं तुम्ही?"

"पाहिलं."

"तेव्हा चांगलं होतं?"

"झोपल्यासारखं होतं, ताई. अगदी झोपल्यासारखं."

"तोच होता ना?"

आता बघा, एक हो म्हणायला काय लागतं माणसाला. दिवसभर फिल्टरची थाप मारली होती, दोषाची थाप मारली होती. पण ती अशी बघत होती की नासीरला तिसरी जमेना.

"ताई, मी त्याला जिवंतपणी कधी पाहिलंच नव्हतं."

तिनं मान हलवली, जशी दुकानात वस्तू नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक हलवतं.

"मग तुम्हाला काय ठाऊक," ती म्हणाली, आणि भिंत धरत परत दाराकडं निघाली. तिरडी उचलली गेली, गल्ली रिकामी होत गेली. तिनं वळूनही पाहिलं नाही. तिचं माणूस अजून पिथमपूरलाच होतं.