गेर्बरचं आडनाव आणि आमचं

आमची दीप्ती, वय वर्षं अकरा, हल्ली भेटेल त्याला आडनाव विचारते. शाळेचा प्रोजेक्ट आहे: चार आडनावं, त्यांचे अर्थ, आणि पाचवं स्वतःचं. सिंगापुरातल्या माझ्या ऑफिसात जर्मन आणि स्विस लोक भरपूर, म्हणून शनिवारी चौघांना क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांवर, जेवायला बोलावलं. उत्सुकता मलाही होतीच. श्मिट म्हणजे लोहार, म्युलर म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, त्सिमरमन म्हणजे सुतार. घ्या, म्हटलं, बलुतेदार तिकडेही होतेच की.

चौथा गेर्बर. कॉफी ढवळत म्हणाला, "कातडी कमावणारे. वास इतका की आमच्या लोकांना गावाच्या कडेला, नदीकाठी राहावं लागे." आणि खदाखदा हसला.

दीप्तीने वहीचं पान उलटून मला विचारलं, "आणि आपण?"

"निमगावकर. म्हणजे निमगावचे."

हे उत्तर मला पाठ आहे. लिटिल इंडियात भाजी घेताना कुणी मराठी भेटलं की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा 'म्हणजे मूळचे कोण?' दोन्हींना मी गावाचं नाव सांगतो आणि सटकतो. बाबांनी माझ्या जन्माआधीच गॅझेटमध्ये आडनाव बदलून घेतलं होतं. आम्ही बौद्ध. घरात सगळं बोललं जातं, जुनं आडनाव मात्र कुणी काढत नाही.

"ते गाव झालं, पप्पा. काम काय करायचे?"

"आजोबांना विचारू," म्हणून मी वेळ मारून नेली. पण पोरगी माझीच. रविवारी सकाळी तिने स्वतःच सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला. खरं सांगतो, मी फोन हिसकावून घेणार होतो. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीच चीड येत होती.

बाबा निवृत्त हेडमास्तर. प्रश्न ऐकून ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मेलेली जनावरं ओढायचे, कातडी सोलायचे. माझे वडीलसुद्धा."

"सेम ॲज गेर्बर अंकल," दीप्ती खूश झाली. "मग नाव का चेंज केलं? त्यांनी नाही केलं, लाह." वाक्याला 'लाह' लावायची इथल्या पोरांची सवय.

"तालुक्याच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी माठातलं पाणी प्यायलो. मास्तरांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं, तर त्यांनी माठ फोडला. गेर्बरचा कुणी फोडला नसेल, बाळा."

मी बेचाळीस वर्षांचा आहे. हे मला आज कळत होतं.

दीप्तीने मान वर केली नाही. पेन्सिल तशीच धरून तिने विचारलं, "मास्तरांचं आडनाव काय होतं?"

बाबा खुर्ची पुढे ओढून फोनजवळ आले आणि म्हणाले, "लिही. मी एकेक अक्षर सांगतो."