भट्टीपुढची बोली

आबांनी खोलीच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटून घेतले. वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता. गादी नवी आहे, खिडकीला जाळी आहे, गरम पाणी चोवीस तास आहे. आबांना त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता. पलीकडच्या खोलीतली थरथर तेवढी त्यांच्या हाताला लागत होती.

"टीव्ही लागलाय पलीकडं," ते मोठ्यानं म्हणाले. "बघतंय कोण?"

त्यांची लेक मालन जाऊन डोकावली. भिंतीकडेनं खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर म्हातारी माणसं बसून होती. पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एक आजोबा आपल्याच नखांकडे बघत होते.

ती परत आली, आबांसमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांची पालथी ओंजळ झटकली. आबांनी मान हलवली आणि चपला घालून सरळ फाटकाकडे चालू लागले.

त्यांना व्हॅननं घेऊन आलेले सयाजीकाका मागून धावत आले. "काय झालं, ताई? पसंत न्हाय व्हय?"

"नाही म्हणतात."

"आवो, पण तुम्ही दोघं काय बोललाच न्हाईसा की!"

"बोललो आम्ही," मालन म्हणाली.

आबांची उमेदीची सगळी वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत, एका फौंड्रीत गेली होती. वाळूचे साचे भरायचे, भट्टी तयार झाली की वितळलेलं लोखंड त्यात ओतायचं. भट्टीच्या आणि लोखंड घासण्याच्या आवाजात शेजारच्या माणसाची हाकही कानावर येत नसे. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. दोन बोटं ओठांना लावली की चहा. मूठ गालाला टेकवली की शिफ्ट सुटली. पालथी ओंजळ झटकली की संपलं, काही उरलं नाही. त्याच आवाजानं हळूहळू आबांचे कान खाल्ले. रिटायर होईपर्यंत दोन्ही कान पार गेले. मालननं हौसेनं कानाचं मशीन आणलं, ते आबांनी दोन दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. "ह्यात बी भट्टीच ऐकू येतीया," म्हणाले.

मालन लहानपणापासून आबांशी त्याच बोलीत बोलत आलेली. आईलाही ती येत असे. जेवताना तिघांचे हात असे चालत, की गल्लीतल्या बायकांना वाटे, कांबळ्यांच्या घरात आवाज न करता भांडणं होतात. धाकटा बाळासो मात्र कधी शिकला नाही. आई गेल्यावर आबांशी धड बोलू शकणारं जगात एकच माणूस उरलं. खरं सांगायचं तर मालनला याचा अभिमान होता. आबांच्या मनातलं आपल्यालाच कळतं, हे ती कुणाजवळ बोलत नसे, पण ते तिच्या चालण्यात दिसे.

पण मालन सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, नवरा कारखान्यात. दिवसभर घरात कुणी नसायचं. आबा एकदा हॉर्न ऐकू न आल्यानं ट्रकसमोर गेले आणि थोडक्यात वाचले, तेव्हापासून ती बाहेरून कुलूप लावून जाऊ लागली. मग एके दिवशी गॅसवर दूध तापत राहिलं आणि आबांना बसल्या जागी डोळा लागला. घरात धूर झाला. शेजाऱ्यांनी दार बडवलं, ते आबांना ऐकू येणार कसं? शेवटी कुलूप फोडावं लागलं. मालन धावतपळत आली तेव्हा आबा उंबऱ्यावर बसले होते, हातात ते फुटकं कुलूप.

"मला कोंडून ठिवू नगंस, मालन," ते म्हणाले. "जिथं दार उघडं असंल आन माणसं असतील, तिथं बघ. मी जातो."

एका शिफ्टची दुसरी शिफ्ट करून मागावी, इतक्या सहज त्यांनी ते मागितलं. रडगाणं नाही, रुसवा नाही. मालननंच पदर डोळ्यांना लावला.

बाळासोचा मस्कतहून फोन आला. "आक्का, आश्रमात घालणार आबांना? पावणंरावळं काय म्हणतील?"

"तू ये की मग तिकडनं," असं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

सयाजीकाकांचं नाव तिला दवाखान्यातच कळलं. एसटीत कंट्रोलर होते, आता ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघत. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी जागा शोधणाऱ्या लोकांना आपल्या जुन्या मारुती व्हॅनमधून ते स्वतः घेऊन जात, आणि ते नेहमी जेवणाच्या वेळेला, न कळवता. "फरशी बघू नगासा," ते सांगत. "फरशी कुणीबी पुसतंय. आतली माणसं एकमेकांशी बोलत्यात का, तेवढं बघा." आबा बहिरे आहेत हे ते सारखं विसरत आणि त्यांनाही हे सगळं खणखणीत आवाजात ऐकवत. आबा मान डोलावत. काकांचे ओठ भराभर हलतात, ते त्यांना बघायला आवडे.

दुसरी जागा कोल्हापूर शहरातच होती. आवारात नारळाची झाडं, ताटात गरम चपात्या, आणि व्हरांड्यात दोन आजोबा मोठमोठ्यानं हुज्जत घालत होते. सयाजीकाकांनी मालनला डोळ्यानंच खुणावलं. खोलीही मोकळी होती. मॅनेजरनं ती उघडून दाखवली, पंखा लावून दाखवला. मग ऑफिसात बसल्यावर त्यानं सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"कांबळे. जोतीराम कांबळे."

"कुठल्यातले?"

"बौद्ध," मालन म्हणाली.

मॅनेजरनं टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "त्याचं काय आहे, ती खोली एकांनी परवाच सांगून ठेवलीय. आत्ता लक्षात आलं माझ्या."

"आत्ता पंखा लावून दावलास की आम्हाला!" सयाजीकाका उसळले.

"आमचं काही नाही हो. इथली माणसं जुन्या वळणाची आहेत. जेवणाखाण्याचं..."

आबांनी यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ते मॅनेजरच्या तोंडाकडे बघत होते, मग मालनच्या. तिनं हात मांडीवर गच्च धरून ठेवले होते. हे त्यांना कुठल्या खुणेनं सांगायचं, तिला समजेना. सांगावं लागलं नाही. आबा उठले, टेबलाच्या धूळ बसलेल्या काचेवर त्यांनी बोटानं एक मोठी फुली मारली आणि बोट धोतराला पुसलं.

"हे काय केलं यांनी?" मॅनेजर म्हणाला.

"त्यांच्या फौंड्रीत खराब निघालेल्या मालावर अशीच फुली मारतात," मालन उठत म्हणाली. "तो माल मग कंपनीबाहेर जात नाही."

आबा पुढे, ती मागे, अशी ती दोघं व्हरांड्यातून ताठ चालत गेली. हुज्जत घालणारे आजोबा गप्प होऊन बघत राहिले. व्हॅनमध्ये सयाजीकाकांनी बराच वेळ चावी फिरवली नाही.

"मी आणलं तुम्हाला हितं," ते खाली मान घालून म्हणाले. "इतकी माणसं घातली मी ह्या जागेत. आडनाव विचारत्यात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं न्हाय."

"तुम्हाला कशाला विचारतील, काका?" मालन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून काकांना ते जास्त लागलं असावं. त्या आश्रमाकडे त्यांनी पुन्हा कुणाला नेलं नाही.

तिसरी जागा त्यांनी रविवारी दाखवली. गडहिंग्लजच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडी आत, बंद पडलेल्या शाळेची इमारत होती. मीनाबाई नावाच्या एक विधवा बाई आणि गावातली चार माणसं मिळून तिथं आश्रम चालवत. वर पत्रा, न्हाणीघर अंगणाच्या पार पलीकडे, आणि कोल्हापूरहून एसटीनं यायचं तर अर्धा दिवस मोडणार. मालननं फाटकातूनच मनात नको म्हणून टाकलं. नर्सच्या नजरेला पहिल्यांदा दिसली ती न्हाणीघराची ओली पायरी.

"या की, बसा. जेवायचा टाइम झालाय, जेवूनच जावा," मीनाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. त्यांनी आडनाव विचारलं नाही. आबांना ऐकू येत नाही हे कळल्यावर त्या ओरडल्याही नाहीत. नुसत्या हसल्या आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"आमच्यात बी एक हायती तसं," त्या मालनला म्हणाल्या. "ते बघा, गुंडूतात्या. कायसुदिक ऐकू येत न्हाय. बोलणं बी सोडलंय आता. त्यात हाताचा त्रास. सारखं हात हलत्यात बघा. आम्ही म्हणतोय कंपवात असंल."

अंगणाच्या टोकाला लिंबाखाली एक काटकुळे म्हातारे बसले होते. मालननं सवयीनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. कंपवाताचे हात तिनं वॉर्डात खूप पाहिले होते. हे तसे हलत नव्हते. हे हात थांबत होते, वळत होते, पुन्हा सुरू होत होते. नवीन माणसं आलेली बघून म्हाताऱ्यानं दोन बोटं ओठांना लावली आणि भुवया उंचावल्या.

"अहो," मालन म्हणाली, "ते चहा विचारतायत."

"कोण?" मीनाबाई म्हणाल्या.

पण तोवर आबा तांब्या खाली ठेवून उठले होते. मालनच्या बाजूनं, तिच्याकडे न बघता ते अंगणात उतरले, भर उन्हात उभे राहिले आणि त्यांनी मूठ गालाला टेकवून दाखवली. शिफ्ट सुटली, आता कसला चहा.

गुंडूतात्या झटकन उठून उभे राहिले. त्यांचं तोंड उघडं पडलं आणि ते हसू लागले. आवाज नसलेलं, खांदे हलवणारं हसू. मग त्यांचे हात जे सुटले, ते कुणाला आवरेनात. आबांनी त्यांचे दोन्ही पंजे धरले, सोडले आणि आपले चालवले. तात्यांची फौंड्री वेगळी, काही खुणाही वेगळ्या; एकजण अडला की दुसरा जमिनीवर काटकीनं रेघ ओढून समजावत होता. बाकीची म्हातारी माणसं एकेक करून ओसरीवर येऊन उभी राहिली.

"आई गं," मीनाबाई म्हणाल्या. "तीन वर्सं बोलत हुतं व्हय हे माणूस आमच्याशी?"

मालन आबांच्या जवळ जाऊन उभी राहिली. मदत लागेल असं तिला वाटलं होतं. लागली नाही. उलट त्यातलं निम्मं तिलाच समजेना. चहा, वाळू, साहेब, एवढं कळलं. मग हात इतके भराभर चालले की ती मागे पडली. आबांनी कमरेवर हात ठेवून कुणाची तरी नक्कल केली, त्यावर गुंडूतात्या डोळे पुसेपर्यंत हसले. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ही बोली आपल्याला पुरती येते. तिला येत होती ती घरातली. भट्टीपुढची बोली याहून कितीतरी मोठी होती, आणि तिच्यात राहणारे आबा तिनं आज पहिल्यांदा पाहिले.

गुंडूतात्यांनी तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. आबा वळले. त्यांनी दोन्ही हातांची बोटं कपाळाशी नेली आणि डोक्यावर टोपी बसवावी तसे हात मागे फिरवले. मग छाती पुढे काढून मालनकडे बघत राहिले.

ही खूण तिनं कधीच पाहिली नव्हती. तिनं तळहात उताणा करून विचारलं, हे काय?

"तुझं नाव," आबा मोठ्यानं म्हणाले.

तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. माझं?

"मग? भट्टीपुढं मालन म्हणून वराडलो असतो तर ऐकलं असतं व्हय कुणी? तू नर्शीच्या परीक्षेत पास झालीस, तो टोपीतला फोटो मी कंपनीत न्हेलता. तवा पाडलं हे नाव. सगळी शिफ्ट इचारायची. टोपीवाली कशी हाय, टोपीवालीचं लगीन कवा हाय. आमचा फोरमन बी इचारायचा."

तिनं हातांनीच विचारलं, मला कधीच कसं सांगितलं नाहीत?

"तुझ्यासमोर नावाचं काय काम? तू असायचीस की समोर."

मालननं मान वळवून न्हाणीघराच्या ओल्या पायरीकडे बघितलं. पायरीवर पोतं टाकता येईल, बाजूला धरायला पाइप बसवता येईल, असं ती बघत राहिली. लांब आहे, तिनं आबांना हातानं सांगितलं.

"लांब हाय," आबा म्हणाले. "यष्टी हाय की."

एवढ्यात पानं मांडल्याची हाक आली. ओसरीवर पंगत बसली. आबा आणि गुंडूतात्या शेजारी शेजारी, सयाजीकाका त्यांच्यासमोर. मालन पार दुसऱ्या टोकाला, दाराशी बसली. मीनाबाई भाकरीची टोपली घेऊन वाढत होत्या. जेवता जेवता दोघांचे उजवे हात खरकटे, तरी डाव्या हातांनी बोलणं चालूच होतं.

मधेच गुंडूतात्या थांबले. त्यांनी पंगतीच्या त्या टोकाकडे पाहिलं, मीनाबाईंचा पदर ओढला, टोपलीकडे बोट केलं आणि मग डावा हात कपाळापासून डोक्यावरून मागे फिरवला.

मीनाबाई टोपली घेऊन गोंधळून उभ्या राहिल्या. सगळ्या पंगतीवरून त्यांची नजर फिरली.

"कुणाला वाढा म्हणत्यात हे?"

"मला," मालन म्हणाली आणि तिनं ताट पुढे केलं.