पुढे सरकवलेली थाळी

पावाची थाळी शांतवनराव साळव्यांच्या हातात आली आणि तापलेल्या तव्याला हात लागावा तशी त्यांनी ती शेजारी बायकोकडे सरकवली. प्रेमलताबाईंनी तुकडा उचलून डोळे मिटले, पण मिटण्याआधी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की प्रभुभोजनाच्या वेळी तसं पाहायला नको होतं. वर्ष होत आलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी भाकर घ्यायची आणि शांतवनराव घ्यायचे नाहीत. गंमत म्हणजे तो पाव कापायचे तेच. सकाळी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये येऊन, मागच्या खोलीत बसून, बेकरीतल्या पावाचे सारखे चौकोनी तुकडे करायचे. मिलच्या घडी खात्यात जन्म गेलेला माणूस तो. वाकडं काही त्यांच्या हातून निघायचंच नाही.

वाकडं होतं ते मनात, आणि त्याचं नाव होतं गोपीनाथ.

गोपीनाथ त्याच मिलमध्ये जॉबर होता, म्हणजे साच्यांवरचा, कापड विणणाऱ्या मागांवरचा मुकादम; याच चर्चच्या मंडळीतला, शाळेपासूनचा दोस्त. वर्तमानपत्रांत तेव्हा रोज छापून येत होतं की देशाची दारं उघडली, परदेशी गाड्या येणार. इंदूरच्या मिलची दारं मात्र एकेक करून बंद होत होती. या दोघांचीही मिल बंद झाली. त्याच सुमारास पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात शांतवनरावांना स्टोअरमध्ये जागा मिळत होती. गोपीनाथ घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "पागल झाला का भिया? मिल सुरू होते आहे, एकदम पक्की खबर आहे. तिकडे गेलास तर इथली नोकरी हातची जाईल."

दोस्तच तो. शांतवनराव थांबले. मिल सुरू झाली नाही, पीथमपूरची जागा दुसऱ्या कोणी घेतली, आणि पुढच्या पावसाळ्यात गोपीनाथचा मुलगा विक्रांत त्याच कारखान्यात लागला. वर गोपीनाथ पेढे घेऊन आला. शांतवनरावांनी हसून पेढे घेतले आणि तो गेल्यावर गाईला घातले.

आता ते बडा गणपतीजवळ एका साडीच्या दुकानात कामाला होते. बायका यायच्या, ढीगभर साड्या उलगडायला लावायच्या आणि "भैया, कुछ और डिझाइन नहीं है क्या" म्हणत उठून जायच्या. मग त्या ढिगाच्या घड्या घालत शांतवनराव संध्याकाळपर्यंत बसायचे, आणि प्रत्येक घडीला त्यांना गोपीनाथ आठवायचा. आठवणार नाही तर काय!

मनात वैर ठेवून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही, हे त्यांच्यावर लहानपणीच बिंबलं होतं. आधी क्षमा, मग भाकर. तेव्हा क्षमा करण्याच्या कामाला ते रीतसर लागले. शुक्रवारचे उपास धरले. उपासाने पित्त उठलं आणि पित्ताने राग वाढला. रोज गुडघे टेकून गोपीनाथसाठी प्रार्थना सुरू केली, पण "त्याला आशीर्वाद दे" म्हणायची वेळ आली की दात आवळले जायचे. एका संध्याकाळी मनाचा हिय्या करून त्याच्या गल्लीत गेले. दारात उभं राहून "जय ख्रिस्त" म्हणायचं, एवढंच ठरवलं होतं. गोपीनाथ ओट्यावर बसून शेजाऱ्याशी खो खो हसत होता. शांतवनराव तसेच मागे फिरले. एवढं घासूनही डाग निघत नव्हता, उलट पसरत चालला होता, आणि यात आपलं काय चुकतंय तेच त्यांना समजत नव्हतं.

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले की चांगुलपणा आपल्या मेहनतीने येत नाही, तो कृपेने मिळतो, तुम्ही नुसते हात पुढे करा. शांतवनरावांना हे प्रवचन वाटलं. आपोआप घडी पडलेलं कापड त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. प्रेमलताबाईंनी तर घरी एकदा सरळच विचारलं, "अहो, तुम्ही त्याला माफ करताय की इम्तिहान देताय?" त्यावर ते दोन दिवस बायकोशीही बोलले नाहीत.

पुढचा पहिला रविवार उजाडला. नेहमी पुढच्या बाकावर बसून खड्या आवाजात गाणारा गोपीनाथ आज दिसत नव्हता. शांतवनरावांना आधी हलकं वाटलं, मग चुकल्यासारखं झालं. देपालपूरकडून कोणाचे तरी बरेच पाहुणे आले होते. थाळी फिरली, शांतवनरावांनी ती सवयीने पुढे सरकवली, आणि शेवटच्या बाकाशी पोचेपर्यंत ती रिकामी झाली.

तेवढ्यात गोपीनाथ आत आला. घामाघूम झालेला, शर्टाला धूळ लागलेली. शेवटच्या बाकावर बसला आणि थाळी फिरवणाऱ्या मंडळीच्या पंचांसमोर त्याने हात पुढे केला. पंचांनी ओशाळून रिकामी थाळी दाखवली. तो हात तसाच राहिला.

मान वळवून पाहणाऱ्या शांतवनरावांना आनंद झाला. खोटं कशाला सांगा, अगदी पोटातून झाला. बरी खोड मोडली, असंच मनात आलं.

आणि मग त्यांना स्वतःचीच शिसारी आली. वर्षभराचे उपास, सोललेले गुडघे, आणि त्या सगळ्याचं पीक हे! एक माणूस प्रभूच्या मेजावरून उपाशी राहिला म्हणून आपल्याला उकळ्या फुटतात. ते पार थकले. देवा, मला नाही जमत, मी सोडलं, असं ते मनात म्हणाले. त्याला प्रार्थना म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. हमालाने पाठीवरचं पोतं टाकून द्यावं तसं ते टाकणं होतं.

पाव कमी पडला होता आणि पाव हे त्यांचं काम होतं, म्हणून ते उठले. मागच्या खोलीत सकाळी काढलेल्या कडा फडक्यात बांधलेल्या होत्या, कोंबड्यांसाठी घरी न्यायच्या. त्यांनी त्या थाळीत घातल्या आणि पाळकसाहेबांसमोर धरल्या. साहेबांनी हलक्या आवाजात प्रार्थना केली, स्वतः जाऊन गोपीनाथला एक कड दिली, आणि परत येताना थाळी शांतवनरावांसमोर धरली.

"माझं मन साफ नाही, साहेब."

"साफ असतं तर या भाकरीची गरजच काय होती? घ्या."

शांतवनरावांनी घेतली. राग होता तिथेच होता, त्या रागासकट घेतली. कड वातड होती. शेवटचं गीत संपत आलं तरी ते चावतच होते.

बाहेर कडुलिंबाखाली गोपीनाथ सायकल धरून उभा होता. प्रेमलताबाई पुढे निघून गेल्या.

"मिलवर गेलो होतो," गोपीनाथ म्हणाला. "दर रविवारी जातो. गेटवर नोटीस लागली का, बघतो आणि इकडे येतो. आज तिथे ट्रक लागलेत. साचे भंगारात चाललेत."

शांतवनराव हातातल्या रिकाम्या फडक्याची घडी घालत राहिले.

"तुला सांगितलं ना, तेव्हा मला खरंच वाटत होतं रे, सुरू होईल म्हणून. विक्रांतला पाठवला तोपर्यंत कळून चुकलं होतं. तुझ्या घरी पेढे घेऊन आलो ते हेच सांगायला. हिंमत नाही झाली."

या घटकेसाठी शांतवनरावांनी वर्षभर उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं धारदार. तोंडाशी आलंही. पण ते म्हणाले, "चल. मलाही बघू दे."

मिलच्या फाटकाशी पाच-पंचवीस जुने कामगार उभे होते. दोरखंडांनी आवळलेले साचे भरून एक ट्रक बाहेर आला. काळ्या तेलाने माखलेलं ते लोखंड उन्हात अगदीच लहान दिसत होतं. गोपीनाथ एका साच्याकडे बोट दाखवून "तो बघ, तो..." एवढंच म्हणाला आणि त्याची मान खाली गेली.

जरा वेळाने शांतवनरावांच्या लक्षात आलं, की आपला हात गोपीनाथच्या पाठीवर आहे. कधी ठेवला ते त्यांना आठवेना. आपण ठेवला असं तर त्यांना मुळीच वाटेना. ट्रक वळणावर दिसेनासा झाला, माणसं पांगू लागली, तरी त्यांनी तो काढून घेतला नाही.