सोनूबाईचा फोटो

टँकचं झाकण घट्ट फिरवून श्रुतिकाने काळ्या पिशवीतून हात बाहेर काढले. कपाळावरचा घाम दंडाला पुसत ती हसली.

"फिल्म बसली बहुतेक. दोनदा अडकली रिळावर, पण बसली."

"झकास!" मुकुल म्हणाला. "माझ्या पहिल्या रोलचा आत चिवडा झाला होता. काय रे नंदू?"

नंदकुमारने नुसती मान हलवली. तो मोजपात्र विसळत होता. ते कधीच विसळून झालं होतं, तरी विसळत होता.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला हा गाळा मुकुलच्या वडिलांचा. छपाईची यंत्रं विकली गेली तेव्हा मागची खोली या दोघा मित्रांनी काळे पडदे लावून बंद करून घेतली. रविवारी सकाळी कुठेतरी हिंडून कृष्णधवल फोटो काढायचे आणि दुपारी इथे येऊन फिल्म धुवायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. अधूनमधून नवे लोक यायचे, एखाद-दुसरा रोल वाया घालवून नाहीसे व्हायचे. श्रुतिका टिकली. अंधेरीत एका आर्किटेक्टकडे काम करणारी ही मुलगी. तिच्या गळ्यातला कॅमेराही नंदकुमारचाच, जुना, त्याने आपणहून दिलेला. आजवर तिचे रोल तोच धूत आला होता. आणि तिची ओली निगेटिव्ह उजेडात धरून बघताना त्याला हळूहळू आपले फोटो शिळे वाटू लागले होते.

पण आजची गोष्ट वेगळी होती. आज तिने सोनूबाईचा फोटो काढला होता.

मढच्या कोळीवाड्यात, शेवटच्या घराच्या ओट्यावर सोनूबाई बसलेली असे. मागे बांबूंवर वाळणारे बोंबील, आणि पुढे तो चेहरा. नंदकुमारला तो कित्येक वर्षं हवा होता. त्याने कॅमेरा उचलला, की ती तळहात वर करायची आणि उठून आत जायची. नाही तर नाही, असं म्हणून तोही पुढे निघायचा. विनवण्या करणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

आज सकाळी श्रुतिका होड्यांमधून धावत आली होती. "काका, सोनूबाईंचा काढला! अख्खा रोल त्यांच्यावरच संपवला!" ती पुढेही काही सांगत होती. "छान," एवढंच म्हणून तो धक्क्याकडे चालू लागला होता.

मुकुल चहा सांगायला बाहेर गेला.

"आधी डेव्हलपर ना, काका?"

"हो."

टेबलावर दोन तपकिरी बाटल्या होत्या. ओल्या हातांनी हाताळून हाताळून त्यांच्यावरची अक्षरं पुसली गेली होती. श्रुतिकाने एक उचलली, बूच काढलं आणि मोजपात्रात ओतायला लागली. व्हिनेगरसारखा आंबट, उग्र वास नंदकुमारच्या नाकात शिरला. तो फिक्सर होता, डेव्हलपरनंतर ओतायचा. तो आधी गेला, तर फिल्मवर काही म्हणता काही उरत नाही.

एक शब्द पुरला असता. नंदकुमारने थर्मामीटर उचलला आणि तो फडक्याने पुसू लागला. ती टँकमध्ये ओतत असल्याचा आवाज त्याने ऐकला. मग ती टँक उलटासुलटा करू लागली, त्याने शिकवलं होतं तसाच, हलक्या हाताने.

फिल्म बाहेर आली ती पाण्यासारखी स्वच्छ. परत आलेल्या मुकुलने बाटल्यांचा वास घेऊन पाहिला.

"वाट लागली! फिक्सर आधी ओतलास, बाई. नंदू, तू इथेच होतास ना रे?"

"लक्ष नव्हतं माझं."

श्रुतिका रडली नाही. कोरी फिल्म मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसून राहिली.

"सोनूबाईंना काय सांगू आता? हिरवं लुगडं नेसून, नथ घालून आल्या होत्या." मग ती नंदकुमारकडे वळली. "सकाळी तेच सांगत होते तुम्हाला. त्या म्हणाल्या, ते टोपीवाले साहेब येतात, त्यांना मी हाताने सांगते, थांबा, चांगलं लुगडं नेसून येते. बाहेर येऊन बघते तर साहेब गेलेले. दर वेळी."

नंदकुमारच्या हातातलं फडकं थांबलं.

"पुढच्या रविवारी तुम्हीच काढा ना, काका. मी येते सोबत."

पुढच्या रविवारी दोघांना पाहताच सोनूबाईने तळहात वर केला आणि ती आत गेली. या वेळी नंदकुमार ओट्यावर बसला. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला. शेजारी श्रुतिका जुन्या कॅमेऱ्यात फिल्म भरत होती.

"बाटली चुकीची होती," तो म्हणाला. "मला वास आला होता."

"कधी?"

"तू टँकमध्ये ओतायच्या आधी."

तिने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मग तो गळ्यातून काढून तिने त्याच्या बाजूला ओट्यावर ठेवला.

तेवढ्यात सोनूबाई बाहेर आली. लुगड्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"तू काढ," नंदकुमार श्रुतिकाला म्हणाला. "तुझाच आहे हा फोटो."

"नको. नंबर तुमचा होता ना आधी? काढा तुम्हीच."

ती धक्क्याच्या दिशेने चालू लागली.

सोनूबाई बोंबलांच्या मांडवापुढे जाऊन ताठ उभी राहिली. "काढा आता, साहेब."

नंदकुमारने कॅमेरा डोळ्याला लावला. चेहरा हवा तसा होता, उजेडही चांगला होता. पण सोनूबाईची नजर त्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी गेली होती.

"पोरगी कुठं चालली?" तिने विचारलं. "तिला बोलवा की. ती बोलत असली की हसू येतं. असं उगाच नाय येत."

नंदकुमारने कॅमेरा खाली घेतला आणि वळून हाक मारली. श्रुतिका जाळी सुकत घातलेल्या वाटेवर पोचली होती. तिने मागे पाहिलं नाही.

त्याने पुन्हा हाक मारली. सोनूबाई नथ सावरत, तशीच उभी होती.