पैलवानाचा खुबा

फरश्या विकणाऱ्याच्या घरात फरशी कशी असावी, याबद्दल माझं मत ठाम होतं. तीत तोंड दिसलं पाहिजे. दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे एखादं गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की मी त्याला सरळ वर नेऊन आमची बैठकीची खोली दाखवायचो.

पैलवान आल्यावर दाखवायला आणखी एक गोष्ट मिळाली. पैलवान म्हणजे आमचा कुत्रा. दांडग्या जातीचा, रुंद छातीचा, आणि खाण्याच्या बाबतीत थेट माझ्या वळणावर गेलेला. पळताना तो मागचे दोन्ही पाय जोडीनं उचलायचा, सशासारखे. मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचो, "चाल बघा! अशी चाल शिकवून येत नाही, ती रक्तातच असावी लागते."

हे मात्र मी अगदी बरोबर बोलत होतो. का बरोबर, ते कळायला वेळ लागला.

पैलवान वर्षाचा झाला आणि जिन्यापाशी कां-कूं करू लागला. उठताना आधी पुढचे पाय उठायचे, मग तो जरा विचार करायचा, मग मागचा भाग यायचा. बायको म्हणाली, "अहो, त्याचं काहीतरी दुखतंय."

"दुखत नाही, अंगात आळस भरलाय," मी निदान केलं. त्यावर उपायही माझाच. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात मी उंच चेंडू फेकायचो आणि तो उड्या मारून झेलायचा. मी स्वतः खुर्चीत बसून फेकायचो, कारण आळस त्याचा घालवायचा होता. दुसऱ्या दिवशी तो लंगडायचा. मी म्हणायचो, सवय नाही ना, होईल हळूहळू.

मग एकदा एक जोडपं फरशी बघायला वर आलं. पैलवान स्वागताला धावला आणि खोलीच्या मधोमध त्याचे मागचे पाय दोन दिशांना फाकले. तो पोटावर आपटला. उठायला गेला, पुन्हा घसरला.

"फारच गुळगुळीत आहे हो," त्या बाई म्हणाल्या.

आणि मी, देव माझं भलं करो, आधी फरशीची बाजू घेतली! तिची चकाकी किती वर्षं टिकते ते सांगत होतो, तेवढ्यात पैलवानानं उठायचा नाद सोडला आणि माझ्याकडे बघत नुसता पडून राहिला. तेव्हा कुठे माझं तोंड बंद झालं. बायकोनं गाडीची किल्ली केव्हाच उचलली होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला गुंगीचं औषध देऊन एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. "हा खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं या वाटीत घट्ट बसायला हवं. याची वाटी उथळ आहे, म्हणून हाड आत सैल हलतं, घासतं आणि दुखतं. दोन्ही बाजूंना तसंच आहे."

"पण तो कधी ओरडला नाही."

"बरीच कुत्री ओरडत नाहीत. खेळायचं कमी करतात, बसून राहतात."

"आणि ती सशासारखी चाल?" मी चाचरत विचारलं.

"एकेका दुखऱ्या पायावर सगळा भार नको, म्हणून दोन्ही एकदम उचलतो. हा दोष बहुतेक वेळा आईबापांकडूनच येतो, रक्तातून."

बायको भिंतीवरचा मांजरींचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागली. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत गेल्या. हे मुळातून जाणार नाही, पण नीट सांभाळलं तर कुत्रा मजेत जगतो. पुढे गरज पडली तर ऑपरेशनही करता येतं. चेंडू आणि उड्या बंद. पट्टा लावून सावकाश, थोडं थोडं चालवायचं. औषध त्या देतील तेवढंच, माणसांची दुखण्यावरची गोळी चुकूनही द्यायची नाही. पाण्यातला व्यायाम. आणि सगळ्यात आधी वजन उतरवायचं.

"जेवताना ताटातलं कोण देतं याला?"

आता तक्ता वाचायची पाळी माझी होती.

"आणि घरात फरशी कसली आहे?"

उभ्या आयुष्यात हा प्रश्न मी पहिल्यांदाच दुसऱ्यावर सोडला. उत्तर बायकोनं दिलं, "आरशासारखी."

"झाकून टाका."

झाकली. ज्या रबरी चटयांना मी दुकानात नाकं मुरडायचो, त्याच विकत आणून भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. पैलवानानं पहिल्यांदा त्यांवर पाऊल ठेवलं, थबकला, आणि मग न घसरता दारापर्यंत गेला. मला आनंद झाला आणि धंद्याचा अपमानही झाला, दोन्ही एकाच वेळी. बायकोनं पैलवानासोबत माझंही ताट आवरतं घेतलं. तिचं म्हणणं, उगम बंद केल्याशिवाय ओघ थांबत नाही.

व्यायामाच्या हौदाशी मात्र तो अडून बसला. तिथल्या व्यायामवाल्या ताई म्हणाल्या, "मालक आधी उतरले की येतो." मला पोहता येत नाही, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा मी उतरलो. पाणी छातीपर्यंत होतं. पैलवानाला तरंगायचं जाकीट घातलेलं, त्याला पाठीवर मूठ होती. तो आत आला आणि माझा पाय तळाच्या फरशीवरून सटकला. मी जी मूठ धरली, ती सोडलीच नाही. पैलवान मला ओढत पार दुसऱ्या काठाला घेऊन गेला.

"वा!" ताई ओरडल्या. "मागचे पाय बघा कसे जोरात मारतोय! पुढच्या वेळीही असंच लोंबकळाल का?"

"नको हो, दमेल तो," बायको काठावरून म्हणाली. "त्याचं वजन उतरवायचंय, यांचं ओढायचं नाही."

पैलवान आता सडपातळ झाला आहे. जिना चढताना मी त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरतो. बहुतेक दिवशी तो छान चालतो. गारठ्याच्या सकाळी मात्र अंग आखडतं, उठायला वेळ लागतो. पूर्वी मी "चल, चल" म्हणून घाई करायचो. आता चटईवर त्याच्या शेजारी बसतो, त्याची मांडी हलक्या हातानं चोळतो आणि तो मनाशी काय ते ठरवेपर्यंत थांबतो.

मग तो उठतो. दारापर्यंत जातो, मागे वळून बघतो. मी अजून खालीच बसलेला असतो, एक हात भिंतीवर टेकून, गुडघ्यांची समजूत घालत. तो परत येतो आणि माझ्याजवळ उभा राहून वाट बघतो.